वाट, वहिवाट आणि वीस वर्षे

वावर आणि कायदा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात गाव नकाशात दाखवलेले शिवरस्ते आणि पांदण रस्ते पाहिले. पण वऱ्हाडातल्या कितीतरी वावरांच्या वाटा कोणत्याच नकाशात नाहीत. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून पूर्वी बंडी जायची, आता ट्रॅक्टर जातो. पुढे शेजारचे वावर विकले जाते, नवा मालक काट्या टाकतो आणि वाद उभा राहतो : बापजाद्यांपासून वापरलेल्या या वाटेवर आपला हक्क आहे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर ज्या कायदेशीर कल्पनेत आहे, तिला इंग्रजीत ‘प्रिस्क्रिप्शन’ म्हणतात. हा शब्द आपण औषधाच्या चिठ्ठीमुळे ओळखतो. दिवाणी न्यायालयात त्याचा अर्थ दीर्घ वापरातून पक्का झालेला हक्क. विधी परिभाषेत त्याला चिरभोग म्हणतात, तहसीलच्या आवारात वहिवाटीचा हक्क.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ मध्ये त्याच्या अटी आहेत. वाटेचा वापर उघड हवा, शांततेचा हवा, हक्क म्हणून केलेला हवा आणि सलग वीस वर्षांचा हवा. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षे. ही मुदत दावा दाखल करण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असली पाहिजे. म्हणजे आजोबा त्या वाटेने जात होते, पण गेली दहा वर्षे तिथून कोणीच गेले नाही, एवढ्या आधारावर कलम १५ खाली दावा टिकत नाही.

वीस वर्षांचा हिशेब आपल्याकडे जुनाच आहे. याज्ञवल्क्यस्मृती म्हणते की, डोळ्यांदेखत दुसरा जमीन भोगत असताना मालक वीस वर्षे गप्प राहिला, तर त्याची हानी होते. मिताक्षरेत विज्ञानेश्वरांनी याचा सौम्य अर्थ लावला : मालक जमिनीला मुकत नाही, मधल्या काळातल्या उत्पन्नाला मुकतो.

गावात ‘बारा वर्षे झाली, आता वाट आमची’ असे सर्रास म्हणतात. बारा वर्षांची मुदत खासगी जमिनीवरच्या प्रतिकूल ताब्याची आहे आणि तिथे प्रश्न मालकीचा असतो. वहिवाटीत मालकी शेजाऱ्याचीच राहते, आपल्याला मिळतो तो फक्त जाण्यायेण्याचा हक्क.

सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे ‘हक्क म्हणून’. शेजाऱ्याला विचारून, त्याच्या परवानगीने गेलात, तर तीस वर्षांनीही चिरभोगाचा हक्क मिळत नाही. ही गोष्ट दोघांनीही नीट समजून घेतली पाहिजे. आज कितीतरी मालक केवळ भीतीपोटी धुरा नांगरून टाकतात. ‘एकदा जाऊ दिलं की कायमचं गळ्यात पडेल’ ही ती भीती. परवानगी कागदावर लिहिलेली असेल तर या भीतीला जागा उरत नाही. तारीख, गट क्रमांक, वाटेची रुंदी आणि दोघांच्या सह्या एवढे केले की मालकाचा हक्क शाबूत राहतो आणि शेजाऱ्याची पेरणीही अडत नाही. कायमची वाट द्यायची असेल तर मात्र नोंदणीकृत दस्त करावा.

अडवणूक झाली तर गप्प बसू नये. अडथळा माहीत होऊनही वर्षभर निमूटपणे सहन केला, तर कायद्याच्या दृष्टीने वापरात खंड पडतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, पण तो अर्ज अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधली निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची कलमे विदर्भालाच लागू आहेत. खासगी जमिनीतून जाण्यायेण्याची गावची रूढी वाजिब-उल-अर्जात नोंदवली जाते. आपल्या गावची ही नोंद प्रत्येकाने एकदा तरी काढून वाचावी. वाद न्यायालयात गेला तर म्हाताऱ्या माणसांच्या साक्षीइतकाच, कधी त्याहून अधिक, आधार तिचा असतो.

हे सारे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण आपली माती. पूर्णेच्या दोन्ही अंगांना दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटकडे पसरलेल्या खारपाणपट्ट्यात पाऊस झाला की भारी काळ्या मातीत पाय निघत नाही. सोयाबीन काढणीला आले आणि वाट बंद झाली, तर वर्षाची कमाई वावरातच सडते. वाटेचा वाद सुगीत पेटतो, पण त्याची कागदपत्रे उन्हाळ्यातच तयार ठेवायला हवीत.

वहिवाटही नाही आणि परवानगीही नाही, अशा वावरासाठी हद्दीवरून नवी वाट मागता येते. ती संहितेच्या कलम १४३ खाली कशी मागायची, ते पुढच्या लेखांकात पाहू.