परिपथातील गोंगाटाचे सदृशीकरण

इलेक्ट्रॉनीय घटकांत स्वाभाविकपणे निर्माण होणारा यादृच्छिक गोंगाट, अर्थात नॉइज, परिपथाच्या बहिर्गमावर किती प्रमाणात उमटेल याचे संगणकाने केलेले गणन म्हणजे गोंगाटाचे सदृशीकरण होय. बाहेरून शिरणारा व्यत्यय, उदा. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण, यात मोडत नाही.

उगम व गणनपद्धती

रोधकातील औष्णिक गोंगाटाचे मापन जॉन जॉन्सन यांनी व त्याचे सैद्धांतिक विवेचन हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. सामान्य तापमानाला १ किलोओहमच्या रोधकाचा गोंगाट १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.४ मायक्रोव्होल्ट भरतो. विद्युत् प्रभार सुट्या कणांनी वाहत असल्यामुळे होणारा शॉट गोंगाट वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्ये वर्णिला.

स्पाइस व तत्सम सॉफ्टवेअर प्रत्येक घटकाला गोंगाटाचा एक स्रोत जोडते आणि प्रत्येकाचा बहिर्गमावरील परिणाम वारंवारतेनुसार काढते. हे स्रोत परस्परांशी असंबद्ध असल्याने त्यांच्या व्होल्टतांची नव्हे, तर वर्गांची बेरीज होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पाचे ईसिम हे मुक्त सॉफ्टवेअर या कामासाठी एनजीस्पाइसचा आधार घेते.

उत्तर प्रतिकृतीइतकेच विश्वसनीय असते. ट्रँझिस्टरच्या प्रतिकृतीतील केएफ हा गुणांक दिला नाही, तर तो शून्य धरला जातो व कमी वारंवारतेचा फ्लिकर गोंगाट निमूटपणे गणनातून गळतो. कालानुसारी विश्लेषणात तर रोधकही सहसा गोंगाटरहित मानले जातात.

अणुभट्टीतील मापन

प्रतिकृतीची निवड किती निर्णायक ठरते, हे न्यूट्रॉन मोजणाऱ्या भंजन कोठीवरून दिसते. पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या १९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. या प्रकारच्या अनेक अणुभट्ट्यांत मध्यम शक्तिकक्षेत कोठीच्या सरासरी प्रवाहाऐवजी त्यातील चढउतारांचा वर्ग मोजतात. येथे गोंगाट हाच संकेत असतो. कॅम्बेल यांच्या प्रमेयानुसार हा वर्ग घटनांच्या दराच्या आणि प्रत्येक घटनेतील प्रभाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून अल्प प्रभार देणारे गॅमा किरण मागे पडतात.

या कोठीऐवजी सॉफ्टवेअरमध्ये आदर्श प्रवाहस्रोत ठेवल्यास त्याचा गोंगाट शून्य येतो. १ नॅनोअँपियर प्रवाहाचा डायोड ठेवल्यास दर वर्गमूळ हर्ट्झला सुमारे १८ फेम्टोअँपियर मिळतो, कारण डायोडच्या प्रतिकृतीत प्रभाराचे एकक एकच इलेक्ट्रॉन असते. मात्र प्रत्येक भंजनातून १० लाख इलेक्ट्रॉनांएवढा प्रभार मिळतो असे मानल्यास, तेवढ्याच प्रवाहाला गोंगाट हजारपट, म्हणजे १८ पिकोअँपियर होतो. डायोडवर विसंबून विवर्धक आखला, तर प्रत्यक्ष संकेताने तो संपृक्त होण्याचा धोका असतो. यास्तव अशा परिपथासाठी यादृच्छिक क्षणी येणाऱ्या स्पंदांचा स्रोत स्वतंत्रपणे रचून कालानुसारी विश्लेषण करावे लागते.