कमलाचं पुढे काय झालं?

एप्रिल १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातल्या शिवपुरी भागातली एक बाई २३०० रुपयांना विकत घेतली आणि तिला दिल्लीला आणलं. पंजाबात म्हशीला जेवढे पैसे मोजावे लागतात, त्याच्या निम्म्या किमतीत बाई मिळते, असं त्यांनी बातमीत लिहिलं तेव्हा देश हादरला. बायकांची खरेदी-विक्री होते हे कानोकानी अनेकांना माहीत होतं, पण पुरावा मागितला की सगळे हात वर करायचे. सरीन यांनी व्यवहार स्वतःच करून पुरावा समोर ठेवला. अरुण शौरी तेव्हा त्या वृत्तपत्राचे कार्यकारी संपादक होते. वृत्तपत्र बातमी छापून थांबलं नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेलं.

शोधपत्रकारितेच्या इतिहासात ही बातमी धाडसाचा नमुना म्हणून सांगितली जाते, आणि धाडस खरंच होतं. पण 'कमला' या नावानं देशाला माहीत झालेली ती बाई दिल्लीतल्या आश्रयगृहात ठेवली गेली आणि तिथून नाहीशी झाली. जिच्यामुळे बातमी उभी राहिली, तिचं पुढे काय झालं याची बातमी कुणाला देता आली नाही.

विजय तेंडुलकरांना नेमकं हेच खुपलं असावं. त्याच वर्षी त्यांनी 'कमला' हे नाटक लिहिलं. त्यातला पत्रकार जयसिंग जाधव कमलाला विकत आणतो, पत्रकार परिषदेत फाटक्या कपड्यांत उभी करतो, आणि तिथे जमलेले पत्रकार तिला नको ते प्रश्न विचारून हसतात. घरी तीच कमला जयसिंगच्या बायकोला, सरिताला, सहज विचारते की तुम्हाला कितीला घेतलं. मराठी रंगभूमीवर पत्रकारितेला इतका थेट प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल. बाई विकली जाते हे सिद्ध करायला ती आणखी एकदा विकली गेली, आणि यावेळी गिऱ्हाईक पत्रकार होता. त्या क्षणापासून तिच्या सुरक्षिततेची, तिच्या परतीची, तिच्या संमतीची जबाबदारी त्याच्याकडे आली होती. ही जबाबदारी बातमी छापून झाली की संपते, असं मानणं हीच या पेशातली सर्वांत जुनी चूक आहे.

वीस वर्षांनी तंत्र बदललं होतं. १३ मार्च २००१ रोजी 'तहलका' या संकेतस्थळानं 'ऑपरेशन वेस्ट एंड' उघड केलं. शस्त्रं विकणारी एक खोटी कंपनी, लपवलेले कॅमेरे आणि नोटांची पुडकी. भाजपचे तत्कालीन अध्यक्ष बंगारू लक्ष्मण एक लाख रुपये घेताना देशाने पाहिले. त्यांना पद सोडावं लागलं आणि २०१२ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं. संरक्षण खात्यातल्या खरेदीवर एवढा झगझगीत प्रकाश त्याआधी पडला नव्हता, हे मान्यच करायला हवं.

मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळलं की काही लष्करी अधिकाऱ्यांना जाळ्यात ओढण्यासाठी वार्ताहरांनी वेश्या पुरवल्या होत्या आणि तेही चित्रित झालं होतं. व्यापक जनहितासाठी हे करावं लागलं, असा बचाव झाला. त्या स्त्रियांचं हित त्या जनहितात धरलं होतं का, हा प्रश्न चर्चेत फार मागे राहिला. कमलाच्या वेळीही तो मागेच राहिला होता.

'वेस्ट एंड' प्रकरणातच मेजर जनरल एम. एस. अहलुवालिया यांनी लाच मागितल्याचं प्रसिद्ध झालं होतं. त्यांनी बदनामीचा दावा लावला. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं 'तहलका' आणि तिथले पत्रकार तरुण तेजपाल, अनिरुद्ध बहल आणि मॅथ्यू सॅम्युअल यांना दोन कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली. पुढच्या वर्षी अपिलाच्या सुनावणीत तेजपाल आणि बहल यांनी बिनशर्त माफी मागायची तयारी दाखवली. मधे बावीस वर्षं गेली होती. एका मोठ्या, खऱ्या शोधाच्या पोटात एक चुकीचा आरोप राहून गेला, आणि तो काढायला एका माणसाला निवृत्तीनंतरचं आयुष्य कोर्टात घालवावं लागलं. उरलेला शोध खरा होता, हे त्याला उत्तर होऊ शकत नाही.

त्याहून भयंकर प्रकार २००७ मध्ये दिल्लीत घडला. ३० ऑगस्टला 'लाइव्ह इंडिया' या वाहिनीनं छुप्या कॅमेऱ्याचं एक चित्रण दाखवलं. जुन्या दिल्लीतल्या मुलींच्या सरकारी शाळेतली एक गणिताची शिक्षिका विद्यार्थिनींना देहविक्रयात ढकलते, असा आरोप होता. काही तासांत शाळेबाहेर जमाव आला. शिक्षिकेला मारहाण झाली, तिचे कपडे फाडले गेले, गाड्या जाळल्या गेल्या. पोलिसांनी तिला अटक केली, सरकारनं नोकरीवरून काढलं.

तपासात वेगळंच निघालं. चित्रणातली 'विद्यार्थिनी' ही विद्यार्थिनी नव्हतीच. पत्रकारितेत शिरू पाहणारी एक तरुणी ती भूमिका वठवत होती. शिक्षिकेशी पैशांवरून वाद असलेल्या एका माणसाचा या रचनेत हात होता. बातमी करणारा वार्ताहर अटकेत गेला, शिक्षिका निर्दोष ठरली, वाहिनी केंद्र सरकारनं एक महिना बंद ठेवली. पण प्रक्षेपणापूर्वी संपादकानं एकच प्रश्न विचारला असता, ही मुलगी कोणत्या वर्गात आहे, तर हे सगळं तिथेच थांबलं असतं. शाळेच्या हजेरीपटात त्याचं उत्तर होतं. छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं की डोळ्यांना ते पुरावाच वाटतं. कॅमेऱ्यासमोरचा माणूस कोण, त्याला कुणी आणलं आणि आधी-नंतरचं काय कापलं, हे चित्रण स्वतःहून कधीच सांगत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयानं या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबर २००७ मध्ये सुचवलं की असं चित्रण दाखवण्याआधी निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील समितीची परवानगी घ्यावी. न्यायालयाचा संताप समजण्यासारखा आहे, पण हा उपाय धोक्याचा आहे. ज्या सरकारचा भ्रष्टाचार दाखवायचा, त्याच्याच मंत्रालयानं नेमलेल्या समितीच्या दारात मूळ चित्रण घेऊन जायचं ठरलं, तर 'वेस्ट एंड'सारखं काहीही कधी बाहेर येणार नाही. पत्रकारांनी आपलं घर स्वतः झाडलं नाही, की झाडू दुसऱ्याच्या हातात जातो.

झाडून दाखवल्याची उदाहरणं आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' मासिकानं व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सामूहिक बलात्काराची सविस्तर कहाणी छापली. काही आठवड्यांत 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या वार्ताहरांनी तिच्यातली भोकं दाखवली. मासिकाची पहिली प्रतिक्रिया वाईट होती: आपण ही कहाणी सांगणाऱ्या मुलीवर टाकलेला विश्वास चुकला, म्हणजे दोष तिचा. नंतर मात्र त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता शाळेला चौकशी करायला बोलावलं, आपल्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये आलेला अहवाल संपूर्ण छापून मूळ लेख मागे घेतला. अहवालातले दोष अगदी साधे होते. त्या रात्री मुलीला भेटलेल्या तीन मित्रांशी वार्ताहर बोललीच नव्हती. ज्या विद्यार्थी-संघटनेवर आरोप होता, तिला पुरेसा तपशील न देता प्रतिक्रिया मागितली होती. मुख्य आरोपीला टोपणनाव दिल्यामुळे तो सापडलाच नाही ही गोष्ट वाचकांपासून झाकली गेली. पुढे विद्यापीठातल्या एका अधिकारी बाईंनी दावा लावला आणि ज्यूरीनं २०१६ मध्ये तीस लाख डॉलरची भरपाई ठरवली. खऱ्या पीडित मुलींवर अविश्वास दाखवायला मात्र या लेखानं अनेकांच्या हाती आयतं निमित्त दिलं, आणि ते नुकसान कुठल्याही ज्यूरीला मोजता येत नाही.

आपल्याकडे अशी चौकशी झाली ती वेगळ्या निमित्तानं, आणि तिचा धागा महाराष्ट्रात आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती शब्दशः सारख्या मजकुरात वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवलं. वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलनं परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्याकडे 'पेड न्यूज'ची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची, चौकशी दिली. त्यांनी २०१० मध्ये वृत्तपत्रांची नावं घेत ७१ पानांचा अहवाल दिला. कौन्सिलनं तो दाबला आणि नावं गाळलेला छोटा मसुदा पुढे केला. पूर्ण अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०११ मध्ये, तोही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. सरकारी फायली उघडायला लावण्यासाठी पत्रकार जो माहितीचा अधिकार वापरतात, तो पत्रकारांच्या परिषदेविरुद्ध वापरावा लागला.

प्रेस कौन्सिल ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही, आणि वाहिन्या तिच्या कक्षेतच येत नाहीत. वाहिन्यांच्या स्वतःच्या संघटनेचा दंड २०२३ मध्ये एक लाख रुपयांपर्यंतच होता. मुंबईत अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी पडद्यावर जो खटला चालवला, त्यातून आलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये या रकमेच्या परिणामकारकतेवर बोट ठेवलं.

दंड वाढवण्याहून सोपा एक मार्ग मात्र आधीच चाचपलेला आहे. ब्रिटनच्या 'गार्डियन'नं १९९७ मध्ये वाचक-संपादक नेमला. वाचकाची तक्रार तपासायची, चूक असेल तर छापून दुरुस्त करायची आणि त्यात मुख्य संपादकाला ढवळाढवळ करू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. २००६ मध्ये 'द हिंदू'नं भारतात तसं पद निर्माण केलं. मराठीत ते रुजलं नाही. पहिल्या पानावर आरोप आणि आतल्या कोपऱ्यात, महिन्यांनंतर, चार ओळींचा खुलासा ही आपली रीत आहे. मराठी दैनिकांनी आणि वाहिन्यांनी हे पद नेमायला कुठल्याही कायद्याची गरज नाही. त्या माणसाला तीन अधिकार हवेत: मूळ चित्रण आणि नोंदवह्या मागवण्याचा, आरोप जिथे छापला किंवा दाखवला तिथेच तेवढ्याच जागेत दुरुस्ती देण्याचा, आणि बातमीसाठी ज्या सामान्य माणसाला पुढे केलं त्याची सहा महिन्यांनी काय अवस्था आहे, हे संपादकाला जाहीरपणे विचारण्याचा.