मुलगा तळघरात राहतो? रेडॉनची चौकशी करा

आपल्या कुटुंबांतली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी कॅनडाला जातात. फोनवर आपण त्यांना जेवणाचे विचारतो, थंडीचे विचारतो, नमाजला मशीद जवळ आहे का तेही विचारतो. राहण्याची खोली जमिनीच्या वर आहे की खाली, हे मात्र सहसा विचारत नाही. भाडे परवडावे म्हणून कितीतरी मुले तिथल्या जुन्या घरांच्या तळघरात, म्हणजे बेसमेंटमध्ये राहतात. अशा खोलीत रेडॉन नावाच्या वायूची तपासणी झालेली असणे गरजेचे आहे.

रेडॉनला रंग नाही, वास नाही, चव नाही. खडकात आणि मातीत थोडेफार युरेनियम असते. ते हळूहळू विघटित होत जाते आणि त्यातून हा किरणोत्सारी वायू तयार होतो. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जातो. घराखालच्या मातीतून मात्र तो लादीच्या भेगांतून, नळांभोवतीच्या फटींतून आत शिरतो. थंडीत घर गरम ठेवलेले असते, खिडक्या बंद असतात. गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी जमिनीतली हवा आत ओढली जाते. म्हणून तळघरात रेडॉन जास्त साठतो.

याने खोकला येत नाही, डोके दुखत नाही. पण वर्षानुवर्षे ती हवा श्वासात गेली, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचा क्रमांक लागतो. सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो.

आम्ही मांडव्याच्या किनाऱ्यावरची माणसे. आमच्याकडे हे नाव कानावर येत नाही, त्यालाही कारण आहे. पायाखाली काळा बसाल्ट आहे, आणि ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम फार कमी असते. आमच्या जुन्या घरांना तळघर नसते. उंच जोते, पुढे ओटी, मागे पडवी, वर कौले, आणि समुद्राचा वारा दिवसभर घरातून आरपार जातो. पण इथली सवय तिथे कामाला येत नाही. उणे तापमानात खिडकी किती वेळ उघडी ठेवणार?

या वायूकडे जगाचे लक्ष गेले ते 1984 साली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस हे इंजिनिअर एका अणुवीज केंद्रात काम करत. डिसेंबरमध्ये तिथल्या किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्राचा भोंगा त्यांच्यामुळे वाजू लागला. शोध घेतला, तेव्हा दोष केंद्रात नव्हता, त्यांच्या घरात होता. तिथे दर घनमीटर हवेत सुमारे 1,00,000 बेकरेल रेडॉन सापडला. बेकरेल म्हणजे किरणोत्सार मोजण्याचे एकक. कॅनडात आज 200 बेकरेलच्या वर आकडा गेला की घर दुरुस्त करावे, असे सरकार सांगते. वॉट्रस कुटुंबाने घर सोडले आणि दुरुस्ती झाल्यावर ते तिथे परत राहायला आले.

म्हणजे इलाज आहे. आधी मोजणी करायची. त्यासाठी प्लास्टिकची छोटी डबी मिळते, तिला वीज लागत नाही. जिथे रोज चार तासांहून जास्त वेळ जातो, त्या सर्वांत खालच्या खोलीत ती ठेवायची. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात ठेवायची नाही. थंडीत निदान तीन महिने ठेवून मग प्रयोगशाळेकडे पाठवायची. शेजाऱ्याचा आकडा कमी आला म्हणून आपण निश्चिंत राहू नये. लागून असलेल्या दोन घरांतही फरक पडतो.

आकडा जास्त आला, तर जाणकार कारागीर लादीला भोक पाडून खाली पाइप बसवतो. पंखा मातीतला वायू ओढून घराबाहेर सोडतो. हे काम बहुधा एका दिवसात होते आणि रेडॉन 80 टक्क्यांहून जास्त कमी होऊ शकतो. नुसत्या भेगा बुजवून किंवा रंग मारून भागत नाही. मुलगा भाडेकरू असेल, तर मोजणीचा कागद घरमालकाला दाखवून त्याने हे काम करून घ्यावे. ज्या नातेवाइकांचे तिथे स्वतःचे घर आहे आणि जे तळघर भाड्याने देतात, त्यांच्यावर तर ही जबाबदारीच आहे. भाडे घेतो, तर आत राहणाऱ्याच्या श्वासाचीही काळजी घ्यायला हवी.

इकडे मांडव्यात जुनी घरे पाडून एसीचे बंदिस्त बंगले उभे राहत आहेत. बांधताना झरोके बुजवू नका. वर्षभर बंद असलेले घर उघडले की आधी दारे-खिडक्या सताड उघडा, मग सामान आत न्या.

आणि मुलाचा फोन आला की एवढे नक्की विचारा: 'बाळा, तुझ्या खोलीतला रेडॉन कोणी मोजला आहे का?' उत्तर 'नाही' आले, तर येत्या थंडीच्या सुरुवातीलाच ती डबी त्याला घ्यायला लावा.