पगार खुर्चीत बसवतो. कामात मन कशाने लागते?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या मोठ्या संपांच्या मागण्या पाहिल्या, तर त्या प्रामुख्याने पैशाशी निगडित असल्याचे दिसते. १९७७-७८ मधील ५४ दिवसांचा संप केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा यासाठी होता, तर मार्च २०२३ मधील संप जुन्या निवृत्तिवेतनासाठी. त्यात गैर काहीच नाही. मात्र अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच दाखवून दिले होते, की अपुरा पगार माणसाला असंतुष्ट करतो; पण पुरेसा पगार त्याला कामात रमवतोच असे नाही. शासकीय कचेरीत तर नोकरीची शाश्वती असल्याने हा फरक अधिकच ठळक होतो.

मन लागण्यासाठी पहिली गरज असते ती आपले काम आपल्याला दिसण्याची. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची जी फेररचना केली, तिचे मर्म यातच आहे. 'लखिना पॅटर्न' म्हणून ती राज्यभर ओळखली गेली. लिपिकाच्या टेबलावरचा कागदांचा ढीग सहा गठ्ठ्यांत विभागला गेला. आज निपटायचे कागद वेगळे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारे वेगळे, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे वेगळी. स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात धाडायचे कागद आणि नष्ट करायचे कागद हे उरलेले तीन गठ्ठे. वरवर पाहता ही निव्वळ आवराआवर. परंतु ढिगाऱ्याखाली दबलेल्या कारकुनाला आपले काम किती आणि संपले किती, हे त्यामुळे कळू लागले. त्याची मरगळ हा स्वभावदोष नसून बरेचदा त्या ढिगाऱ्याचाच परिणाम असतो, हे वरिष्ठ सोयीस्करपणे विसरतात.

दुसरी गरज स्थैर्याची. आरंभलेले काम तडीस जाण्यापूर्वीच बदलीचा आदेश हाती पडणार असेल, तर जीव ओतायचा कशासाठी? १ जुलै २००६ पासून राज्यात लागू झालेल्या बदल्यांविषयीच्या कायद्याने एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला. याच कायद्यानुसार कोणतीही फाइल एका टेबलावर सात कार्यालयीन दिवसांहून अधिक काळ थांबता कामा नये. अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणे नोंदवून मुदतपूर्व बदलीची मुभाही त्यात आहे. ही पळवाट किती रुंद होते, यावर कायद्याचा खरा उपयोग अवलंबून राहतो.

दंडाचा मार्गही आहेच. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार पुरेशा कारणाविना सेवा देण्यात कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. तिच्या धाकाने तारीख पाळली जाईल. दाखल्यासाठी आलेल्या वृद्धाला नीट समजावून सांगण्याची आस्था त्यातून येणार नाही. जेम्स पेरी आणि लोइस वाइज या अभ्यासकांनी १९९० मध्ये जिला 'लोकसेवेची प्रेरणा' म्हटले, ती हीच आस्था. अनेक जण ती घेऊनच नोकरीत येतात. प्रश्न तिची दखल घेतली जाते का, हा आहे.

गोपनीय अहवालांत वर्षानुवर्षे केवळ प्रतिकूल शेरेच कर्मचाऱ्याला कळवले जात. सीमा रस्ते सेवेतील एका अभियंत्याला 'चांगला' असा शेरा मिळाला होता. पदोन्नतीसाठी 'अतिशय चांगला' आवश्यक होता आणि तो शेरा त्याला कधी कळलाच नव्हता. त्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्णय दिला, की प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, संबंधिताला कळवलाच पाहिजे. आपल्याविषयी वरिष्ठांचे मत काय, हे जाणून घेण्यासाठी एका सरकारी नोकराला तोवर थेट दिल्लीचे न्यायालय गाठावे लागले होते.