वरून घार, खालून मुंगूस

चिंचणीच्या वाडीत घार आणि कावळे टपलेले असतात ते पिल्लांवर; मोठ्या बदकाच्या वाटेला ते सहसा जात नाहीत. पिल्लांच्या आवारावर मच्छीमारांचं जुनं जाळं ताणून बांधावं. सैल सोडलं तर त्यात सापच अडकतो.

खरी काळजी रात्रीची. बदक कोंबडीसारखं फांदीवर चढत नाही, जमिनीवरच झोपतं. कुत्रं, रानमांजर यांना आयतीच शिकार. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावून ती फूटभर जमिनीत गाडावी. मुंगूस तर दिवसाढवळ्या शिरतं! सकाळी नऊपर्यंत दार उघडू नये, म्हणजे अंडीही खुराड्यातच मिळतात.

गलोल मात्र नको. घार, मुंगूस, घोरपड यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. प्राणी अडकल्यास वनविभागाची हेल्पलाइन: १९२६.