लकडगंजची ऊब : स्वस्त आणि मस्त

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या शहरासाठी ही थंडी कडाक्याचीच.

नागपुरातलं लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार. इथल्या आरा मशीनवर सागवान चिरलं की खाली भुसा उरतो आणि त्यावर भुशाची शेगडी झकास पेटते. पत्र्याच्या डब्याला खाली बाजूने एक भोक पाडायचं. मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून गोल लाकूड तिला टेकवायचं आणि भोवती कोरडा भुसा ठासून भरायचा. मग बाटली आणि लाकूड अलगद ओढून घ्यायचं. खालून हवा आत शिरते, मधल्या पोकळीतून वर जाते आणि भुसा आतून बाहेर सावकाश जळत राहतो. एकदा भरलेली शेगडी तासन् तास चालते. भुसा सैल राहिला तर मात्र ढासळून विझते. शेगडी अंगणातच ठेवावी. बंद खोलीत साठणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो.

निखाऱ्यांवर वांगी भाजायची, भरीत करायचं. याच दिवसांत सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त होतो, म्हणून घरोघरी सांबारवडी तळली जाते. तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या की गप्पांना बसायला आणखी काही लागत नाही.

रात्री पांघरायला जुन्या सुती लुगड्यांची गोधडी. थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून दोन पातळ पांघरुणं बरेचदा एका जाड पांघरुणाला भारी पडतात. सकाळी गोधडी उन्हात टाकली की दमटपणा जातो आणि रात्री पुन्हा तितकीच उबदार लागते.