थेम्सकाठचे एक जेवण

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी मेडनहेड येण्यापूर्वी थेम्स नदी ओलांडते. ब्रुनेलने १८३० च्या दशकात बांधलेल्या या विटांच्या पुलाच्या कमानी इतक्या सपाट आहेत की, त्या टिकणार नाहीत अशी त्या काळी अनेकांची खात्री होती. टर्नरचे पाऊस, वाफ आणि वेग यांचे १८४४ मधील विख्यात चित्र याच पुलाचे मानले जाते. तथापि अलीकडे या स्थानकावर उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी काहींना पुलाचेही अप्रूप नसते आणि चित्राचेही. ते भुकेले असतात, आणि तेथून अर्ध्या तासाच्या पायी अंतरावरील ब्रे नावाच्या लहानशा खेड्यात जेवायला निघालेले असतात.

जेवण्यासाठी प्रवास करावा ही कल्पना मुळात एका टायर बनविणाऱ्या फ्रेंच कंपनीची. मोटारी जितक्या अधिक धावतील तितके टायर अधिक झिजतील, या सरळ हिशेबाने मिशेलिन बंधूंनी १९०० मध्ये प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. पुढे तिच्यात भोजनगृहांना तारे देण्याची प्रथा सुरू झाली. एक तारा म्हणजे वाटेत थांबावे, दोन म्हणजे वाट वाकडी करावी आणि तीन म्हणजे मुद्दाम तेवढ्यासाठीच प्रवास करावा, असा या ताऱ्यांचा अर्थ. २००४ साली सबंध ब्रिटनमध्ये तीन तारे मिळविलेली भोजनगृहे अवघी तीन होती. त्यांपैकी एक लंडनमध्ये, आणि उरलेली दोन्ही या ब्रे गावात, एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर!

इंग्लंडच्या संदर्भात ही गोष्ट अधिकच नवलाची. महायुद्धात सुरू झालेले शिधावाटप या देशात १९५४ पर्यंत चालू होते. चवीविषयी आग्रह धरणे हे काहीसे असभ्यपणाचे लक्षण समजणाऱ्या या समाजात आल्बेर आणि मिशेल रू हे दोन फ्रेंच बंधू आले. दोघेही धनिकांच्या घरी खासगी स्वयंपाकी म्हणून राबलेले. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘ल गावरोश’ काढले आणि १९७२ मध्ये ब्रे येथे, फेरी रोडच्या टोकाला अगदी पाण्यालगत, ‘वॉटरसाइड इन’. त्याला तिसरा तारा १९८५ मध्ये मिळाला. पुढल्याच वर्षी भावांनी व्यवसायाची वाटणी केली. नदीकाठ धाकट्या मिशेलच्या वाट्याला आला. तीन तारे सलग पंचवीस वर्षे टिकविणारे फ्रान्सबाहेरचे ते पहिले भोजनगृह ठरले, आणि २०२५ मध्ये या सातत्याला चाळीस वर्षे झाली. दरम्यान स्वयंपाकघराची सूत्रे २००२ मध्ये मिशेलचे पुत्र आलें यांच्याकडे आली होती. मिशेल २०२० मध्ये निवर्तले, आल्बेर २०२१ च्या जानेवारीत.

या घरातील पाककला अभिजात फ्रेंच वळणाची. बदक, सुफ्ले, तासन्‌तास आटविलेले रस, आणि पाहुण्याला न कळेल अशा बेताने चाललेली सेवा. येथे थोडा विनोदही आहे. ब्रे गाव इंग्रजी लोकस्मृतीत राहिले ते एका धर्मोपदेशकामुळे. आठव्या हेन्रीपासून पहिल्या एलिझाबेथपर्यंत सिंहासनाबरोबर राजधर्म फिरत राहिला, तसतसा हा गृहस्थही आपला पंथ बदलत गेला. कारण काय, तर ब्रेचे उपदेशकपद तेवढे सुटू नये! संधिसाधूपणाचे असे प्रतीक बनलेल्या गावात आपला पाकपंथ तसूभरही न सोडणारे घर अर्धशतक नांदावे, हे त्या उपदेशकाला कितपत रुचले असते कोण जाणे.

दुसरे घर मात्र पूर्णपणे पाखंडी. हेस्टन ब्लूमेंथल यांनी १९९५ मध्ये गावातील एक जुने मद्यालय घेऊन ‘फॅट डक’ सुरू केले, तेव्हा तेथे साधे फ्रेंच पद्धतीचे जेवण मिळे. पाकशास्त्राचे रीतसर शिक्षण या गृहस्थांनी घेतलेले नव्हते. सोळाव्या वर्षी आईवडिलांबरोबर प्रोव्हान्समधील एका नामांकित भोजनगृहात जेवण्याचा योग आला आणि तेवढ्यावर आयुष्याची दिशा ठरली. हॅरल्ड मॅकगी या अमेरिकी लेखकाच्या १९८४ च्या ग्रंथातून त्यांना कळले की, मांस प्रखर आचेवर परतल्याने त्यातील रस आत कोंडले जातात, ही पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेलेली गोष्ट खरी नाही. एक सूत्र खोटे निघाले, तर बाकीची तरी का मानावीत? मग गोगलगायींची लापशी आली, अंडे आणि बेकन यांचे आइस्क्रीम आले; आणि शिंपल्यातून लाटांचा आवाज कानी पडत असताना खावयाचा समुद्री पदार्थही आला. ब्रिस्टलचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर बारहम, ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स अशा मंडळींचे या उद्योगात साहाय्य होते. हे चमत्कार पोरकट आहेत असे म्हणणारे पुष्कळ भेटतील, आणि काहींच्या बाबतीत ते खोटेही नाही. परंतु बटाट्याच्या फोडी आधी उकडून, मग दोनदा तळण्याची त्यांची रीत आज जगभरच्या साध्यासुध्या खाणावळींत रुळली आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

२००४ मध्ये तिसरा तारा, २००५ मध्ये जगातील सर्वोत्कृष्ट भोजनगृह हा बहुमान, आणि २००९ मध्ये अरिष्ट. त्या वर्षाच्या आरंभी येथे जेवलेल्यांपैकी पाचशेहून अधिक लोक आजारी पडले. नोरोव्हायरसचा हा प्रादुर्भाव मैलापाण्याने दूषित झालेल्या कालवांतून आला असावा, असा निष्कर्ष आरोग्य यंत्रणेने काढला. आजारी सेवक कामावर राहिल्याने आणि कळविण्यास झालेल्या विलंबाने तो पसरण्यास हातभार लागला, असेही चौकशीच्या अहवालात म्हटले होते. जिभेला भुलविण्याचे शास्त्र कितीही पुढे गेले, तरी स्वयंपाक्याचे पहिले कर्तव्य हात धुण्याचे आहे, ते ताऱ्यांनी माफ होत नाही.

आता पैशाचा प्रश्न. या दोन घरांतील जेवणाचे दर माणशी शेकडो पौंडांत जातात. २०१५ पासून ‘फॅट डक’ने तर नाटकाच्या तिकिटाप्रमाणे रक्कम आगाऊ घेण्याची पद्धत घातली. या खर्चावर नाक मुरडणे सोपे आहे. किंबहुना त्यासाठी दूर जावयास नको. याच गावात १६०९ मध्ये विल्यम गोडार्ड यांच्या दानातून वृद्ध गरिबांसाठी स्थापन झालेल्या आश्रयगृहाची तांबड्या विटांची वास्तू उभी आहे. गोडार्ड हे लंडनच्या मासेविक्रेत्यांच्या संघाचे सभासद. मासळीच्या धंद्यात मिळालेला पैसा त्यांनी म्हाताऱ्यांच्या छपरासाठी ठेवला. त्याच रस्त्याने मासळीच्याच एका बशीसाठी आठवड्याचा पगार मोजणारे लोक जातात.

परंतु हा पैसा सर्वस्वी मालकाच्या खिशात पडतो, हा समज चुकीचा ठरेल. २०१५ च्या नूतनीकरणापूर्वी ‘फॅट डक’मध्ये एका वेळी चाळीसएक पाहुणे बसत, आणि आतील स्वयंपाकी जवळजवळ तितकेच होते. महागाईचा मोठा भाग या माणसांच्या श्रमांचा आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट शिक्षणाची. रू बंधूंनी तरुण स्वयंपाक्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. १९८४ मध्ये ती प्रथम मिळविणारे अँड्र्यू फेअरली यांनी पुढे स्कॉटलंडमध्ये स्वतःचे दोन ताऱ्यांचे घर उभे केले. इंग्लंडच्या जेवणाला पाऊणशे वर्षांपूर्वी जी कळा होती ती पालटली, त्यामागे अशा उमेदवारीचा वाटा फार मोठा आहे. आणि हा लाभ केवळ फ्रेंच पाककलेपुरता राहिला नाही. २००१ मध्ये तारा मिळविणारे पहिले भारतीय स्वयंपाकी म्हणून ज्या दोघांची नावे लंडनमध्ये गाजली, त्यांतील विनीत भाटिया हे मुंबईचे. दुसरे अतुल कोचर. त्यांनी २०१५ मध्ये ब्रेच्या वरच्या अंगाला, थेम्सकाठच्याच मार्लो गावी, भोजनगृह काढले. भारतीय जेवण म्हणजे स्वस्तातली ‘करी’ या इंग्रजी समजुतीला त्या दोघांनी दिलेला धक्का सहजासहजी विसरला जाऊ नये.

गावकऱ्यांना या वैभवातून काय मिळाले, हा प्रश्न मात्र उरतोच. आपले नेहमीचे मद्यालय पाहुण्यांसाठी जाणे ही इंग्रज खेडुताच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. ‘हिंड्‌स हेड’ हे पंधराव्या शतकातील घरही २००४ मध्ये ब्लूमेंथल यांच्याकडे गेले होते. आगाऊ जागा न मिळालेल्या प्रवाशाने मात्र खट्टू होण्याचे कारण नाही. तेराव्या शतकातील सेंट मायकेलचे चर्च पाहावे, आश्रयगृहाच्या दारावरून पुढे जावे आणि फेरी रोडच्या टोकाशी नदीवर क्षणभर थांबावे. पलीकडच्या तीरावर झाडी आहे, पाण्यावर हंस आहेत, आणि जवळच्या खिडकीतून आटत्या रसाचा वास येत असला, तर त्याचे दाम कोणी मागत नाही.